सिझर झाल्यावर अंगावर पाजायला सुरुवात कशी करावी

सिझर झालं की दूध कमी येतं, असं बाळंतिणीला जो तो सांगत असतो. शरीराला दूध बनवायचा इशारा मिळतो तो वार (प्लॅसेंटा) बाहेर पडल्यावर. वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे दूध रोखून धरणारं संप्रेरक, झपाट्याने उतरतं आणि दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं. वार कुठल्या वाटेने बाहेर आली याच्याशी स्तनांना काही देणंघेणं नसतं. मग घोडं अडतं कुठे? बाळ आईजवळ उशिरा येतं, टाक्यांमुळे तिला नीट बसता येत नाही, हाताला सलाईनची सुई असते, बाळ पेंगुळलेलं असतं. या सगळ्यात पहिले दीड-दोन दिवस स्तनातून दूध निघतच नाही, आणि जे निघत नाही ते बनायचंही मंदावतं. म्हणून पहिल्या दिवसापासून, थेंब का होईना, दूध वारंवार निघत राहिलं पाहिजे: बाळाने ओढून, नाहीतर हाताने काढून. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी सांगून ठेवायच्या गोष्टी

सिझरची तारीख ठरलेली असेल तर डॉक्टरांशी चार गोष्टी आधीच बोलून घ्या. बाळ रडलं आणि ठीक दिसलं की लगेच छातीवर द्यावं. ईसीजीचे पॅच छातीच्या मधोमध न लावता जरा बाजूला लावावेत. सलाईनची सुई तुम्ही कामाला कमी वापरता त्या हाताला आणि मनगटाच्या सांध्यापासून दूर असावी. तुम्हाला विचारल्याशिवाय बाळाला वरचं दूध देऊ नये. सुईची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बाळाला आधार देताना मनगट वाकवावंच लागतं आणि सांध्यावरची सुई दर वेळी खुपते. मग आई नकळत त्या बाजूला पाजायचं टाळते.

हाताने चीक (सुरुवातीचं दाट, पिवळट दूध) काढायचा सराव डॉक्टरांच्या परवानगीने ३६-३७ आठवड्यांनंतर करता येतो. मधुमेह असलेल्या आईने तर याबद्दल आवर्जून विचारावं, कारण तिच्या बाळाची साखर जन्मानंतर उतरण्याची शक्यता जास्त असते आणि तेव्हा हाताशी असलेला थोडासा चीकही कामी येतो. मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडाजवळ खाली असेल तर मात्र हा सराव करू नये. बोंडं हाताळल्याने गर्भाशय आकुंचन पावतं.

पहिला तास

जन्मानंतर तासाभरात बाळ छातीला लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि सिझर त्याला अपवाद नाही. मणक्यात भूल दिलेली असेल तर तुम्ही पूर्ण जाग्या असता. बाळ बाहेर आल्यावर थर जोडून टाके घालायला बराच वेळ लागतो आणि तोवर बाळ छातीवर राहू शकतं. बाळाला पुसून, फक्त डायपर आणि टोपी ठेवून, स्तनांच्या वरच्या भागावर आडवं ठेवायचं. वरून दोघांवर मिळून उबदार कापड. बाळाची मान सरळ, तोंड एका कुशीला, नाक आणि ओठ डोळ्यांना दिसत राहतील असे. ऑपरेशननंतर अंगाला थरथर सुटते किंवा गुंगी येते, म्हणून अशा वेळी दुसऱ्या कोणीतरी बाळावरून नजर हलवता कामा नये.

पूर्ण भूल दिली असेल तर तुम्ही नीट जाग्या झालात, विचारलेल्याला उत्तर देता आलं आणि बाळाला धरता आलं, की पाजायला हरकत नाही. भुलेचं औषध दुधात उतरलं असेल म्हणून पहिला चीक काढून टाकायचा सल्ला अजूनही कुठेकुठे मिळतो. त्याची गरज नसते. भूल उतरून आई जागी झाली याचाच अर्थ रक्तातलं औषध बरंचसं ओसरलं आहे. तोपर्यंत बाळाला वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवलं तरी ते उबदार आणि शांत राहतं.

सिझरच्या काही बाळांच्या पोटात-घशात पाणी आणि चिकट स्राव जरा जास्त राहिलेला असतो. ती पहिल्या दिवशी ओकाऱ्या काढतात आणि स्तन तोंडाशी नेला तरी नुसता चाटून सोडून देतात. यात काळजीचं काही नाही. छातीवर ठेवायचं, जबरदस्ती करायची नाही आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा संधी द्यायची. पहिला तास हुकला म्हणून सगळं हुकलं असं होत नाही. फक्त पुढे काही तास ‘उद्या बघू’ म्हणू नये.

हाताने चीक काढणं

बाळ धरत नसेल किंवा जवळ नसेल तर हाच मुख्य आधार. पहिल्या दिवशी पंप नको. चीक इतका दाट आणि थोडा असतो की तो पंपाच्या भांड्याला आणि झडपेलाच चिकटून राहतो आणि आई म्हणते, ‘मला काहीच आलं नाही.’

हात साबणाने धुवा. स्तन एक-दोन मिनिटं हलक्या हाताने चोळा. अंगठा बोंडाच्या वर आणि पहिली दोन बोटं खाली, दोन्ही बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे ठेवा. आता बोटं आहेत तिथेच ठेवून आधी मागे, फासळ्यांच्या दिशेने दाबा. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा. मग सोडा. याच लयीत करत राहा. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत, घसरली तर कातडी सोलवटते. बोंड पिळू नका. तिथे दूध साठलेलं नसतं, नुसतं दुखतं.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीही दिसत नाही आणि नेमक्या याच वेळी बहुतेक जणी हात काढून घेतात. थांबू नका. बोंडाच्या टोकावर आधी ओलसर चकाकी येते, मग एक पिवळट, चिकट थेंब जमतो. तो ओघळत नाही, तिथेच बसून राहतो. मदतीला असलेल्या व्यक्तीने बिनसुईच्या १ मिलिच्या सिरिंजचं टोक थेंबाला लावून तो ओढून घ्यावा, किंवा स्वच्छ स्टीलचा चमचा बोंडाखाली धरावा. एका जागेचं दूध थांबलं की बोटं घड्याळाच्या काट्यांसारखी थोडी फिरवून पुढची जागा घ्या. एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली.

एका वेळी १-२ मिलि निघालं तरी काम झालं. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलि घेतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. भरलेल्या बाटलीशी तुलना करून ‘दूधच नाही’ ठरवणं म्हणजे बाळाच्या पोटाचा अंदाजच नसणं.

काढलेला चीक पाजताना बाळाला आडवं ठेवू नका. पाठीला आधार देऊन अर्धवट बसवा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला चाटू द्या. सिरिंज असेल तर टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून एका वेळी दोन-तीन थेंबच सोडा. गिळल्यावर पुढचे. घशात सरळ सोडलं तर ठसका लागतो.

टाके सांभाळून धरायचं कसं

पहिले दोन दिवस कुशीवर झोपून पाजणं सगळ्यात सोपं, कारण पोटावर काहीच भार येत नाही. मणक्यातल्या भुलेनंतर डोकं दुखत असेल तर बसण्यापेक्षा हेच बरं.

१. पलंगाचा एका बाजूचा कठडा वर करून घ्या. गुडघे वाकवा, छोटी उशी टाक्यांवर हलकेच दाबून धरा आणि खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळवा. नुसती कंबर पिळली तर टाक्यांवर ताण येतो.

२. पाठीमागे घट्ट उशी, डोक्याखाली एक, गुडघ्यांमध्ये एक. पोट लोंबकळत असेल तर त्याच्याखाली दुमडलेला टॉवेल.

३. बाळाला तुमच्याकडे तोंड करून कुशीवर झोपवा, त्याचं पोट तुमच्या पोटाला. टाके आणि त्याचे पाय यांच्यामध्ये गुंडाळलेला लहान टॉवेल ठेवा, कारण लाथ नेमकी तिथेच बसते.

४. बाळाचं नाक बोंडासमोर हवं, तोंड नव्हे. डोकं किंचित मागे झुकलं की ते आपोआप मोठा आ करतं. बाळाच्या डोक्याखाली उशी घालू नका. मान पुढे वाकली की गिळता येत नाही.

पहिल्या दिवशी हे सगळं एकटीने जमवायचा अट्टहास नको. सिस्टरला किंवा घरच्यांना बोलवा. पाजून झालं आणि झोप येतेय असं वाटलं की बाळाला शेजारच्या पाळण्यात ठेवायला सांगा. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं सगळ्यात धोक्याचं.

बसता यायला लागल्यावर काखेतून धरण्याची पद्धत कामाची. बाळ मांडीवर नसतं, तुमच्या कुशीजवळ उशीवर असतं, त्याचे पाय तुमच्या पाठीच्या दिशेने जातात आणि टाके मोकळे राहतात. हाताचा तळवा त्याच्या खांद्यांखाली आणि बोटं मानेच्या दोन्ही बाजूंना. डोक्याच्या मागून दाबू नका, दाबलं की बाळ उलट मागे रेटतं. आणखी एक बारकावा: बाळाचे तळपाय मागच्या उशीला किंवा भिंतीला टेकले तर ते लाथ मारून अंग ताठ करतं आणि स्तन सोडतं. पाय वर, मोकळे राहतील असे ठेवा. स्तन मोठे असतील, बोंडं सपाट असतील किंवा जुळी असतील तर ही पद्धत नंतरही सोयीची पडते.

तिसरा मार्ग म्हणजे पलंगाची पाठ थोडी उचलून मागे रेलून बसणं आणि बाळाला छातीवर आडवं किंवा तिरकं ठेवणं, पाय टाक्यांच्या बाहेर. नेहमीसारखं मांडीवर घेऊन पाजायची घाई करू नका. घ्यायचंच झालं तर उशीचा भार मांड्यांवर येऊ द्या, पोटावर नाही, आणि पायांखाली स्टूल घ्या. बाळाकडे वाकायचं नाही, बाळाला वर आणायचं. वाकून पाजणारीची पाठ दोन दिवसांत धरते आणि दोष भुलेच्या इंजेक्शनला जातो.

नीट धरलंय का

तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर. बोंडाभोवतालचा गडद भाग बाळाच्या वरच्या ओठापाशी जास्त दिसतो, खाली कमी. सुरुवातीला भराभर चोखणं आणि मग दूध आल्यावर संथ, खोल घोट असं चाललं की समजा जमलं. टकटक आवाज येत असेल किंवा गालाला खळ्या पडत असतील तर पकड उथळ आहे. सुरुवातीच्या काही सेकंदांनंतरही दुखत राहिलं तर सहन करत बसू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून चोखणं तोडा आणि पुन्हा लावा. तसंच ओढून काढलं तर बोंडाला चीर पडते. सोडल्यावर बोंड चपटं किंवा तिरकं दाबल्यासारखं दिसलं तर पकड सुधारायला हवी, मलम नंतर.

वेदनेच्या गोळ्या घ्याव्यात का

घ्याव्यात, आणि वेळेवर घ्याव्यात. दुखणं अंगावर काढण्यात बाळाचा काही फायदा नाही. वेदना आणि ताण यांनी ऑक्सिटोसिन हे पान्हा फोडणारं संप्रेरक अडतं, म्हणजे दूध असूनही पान्हा फुटत नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत पाजणाऱ्या आईला चालतात. पहिले दोन-तीन दिवस दुखायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी घ्या. पाजण्याच्या अर्धा तास आधी घेतली तर त्या वेळी बसणं-वळणं सुसह्य होतं. कोडीन आणि ट्रामाडॉल यांच्याबाबत सावध राहावं. ही औषधं पाजणाऱ्या आईने घेऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला, कारण काही आयांच्या शरीरात त्यांचं जास्त तीव्र औषधात रूपांतर फार वेगाने होतं आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. कुठलीही तीव्र वेदनाशामक चालू असताना बाळ उठवूनही उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत वाटला, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

पाजताना ओटीपोटात कळा आल्या तर घाबरू नका. ऑक्सिटोसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, रक्तस्राव कमी होतो. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त जाणवतात.

किती वेळा, आणि पुरतंय कशावरून

२४ तासांत ८ ते १२ वेळा. रडण्याची वाट पाहू नका, रडणं हे भुकेचं उशिराचं लक्षण आहे. ओठ हलवणं, जीभ बाहेर काढणं, मूठ तोंडाशी नेणं, मान वळवून शोधणं, ही वेळ. पहिल्या आठवड्यात झोपाळू बाळाला दर दोन-तीन तासांनी उठवावं लागतं: कपडे काढा, डायपर बदला, तळवे चोळा, छातीशी उघडं धरा. पिता पिता डोळा लागला तर स्तन हाताने हलकेच दाबून धरा. तोंडात दूध आलं की बाळ पुन्हा गिळायला लागतं. दाब मग सोडा आणि गरज पडली तर परत द्या.

हिशेब डायपरवरून ठेवा. पहिल्या दिवशी निदान एक ओलं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढत पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. शी काळी, मग हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. पहिल्या दोन दिवसांत डायपरवर विटकरी डाग दिसू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही दिसला तर दूध कमी पडतंय असं समजून दाखवा.

वजन सुरुवातीला उतरतंच. ७ टक्क्यांच्या आसपास उतरलं की पाजणं कसं चाललंय ते कोणीतरी जाणत्याने समोर बसून पाहावं. १० टक्क्यांकडे गेलं तर बाळाच्या डॉक्टरांनी तपासून ठरवावं. ऑपरेशनच्या वेळी आईला भरपूर सलाईन चढलेलं असतं, त्यातलं काही पाणी बाळाच्या जन्मवजनात धरलं जातं आणि पहिल्या दिवशी लघवीवाटे निघून जातं. म्हणून वजनाच्या आकड्याबरोबर डायपर आणि गिळणं हेही बघायचं. १० ते १४ दिवसांत बाळ जन्मवजनावर परत यावं.

वरचं दूध लागूच नये असं नाही. साखर उतरली, वजन फार घटलं, पाणी कमी पडून कावीळ वाढली, तर ते औषधासारखं द्यावंच लागतं. आधी स्वतःचं काढलेलं, ते नसेल तर दुग्धपेढीचं, तेही नसेल तर पावडरचं. मात्रा डॉक्टरांकडून नेमकी विचारा, चमचा-वाटीने द्या, आणि बाळाने वरचं घेतलं की त्याच सुमारास दोन्ही स्तनांतून हाताने दूध काढा. हे राहून गेलं की तेवढी मागणी शरीरापर्यंत पोचत नाही. मध, साखरपाणी, साधं पाणी यांतलं काहीही नको.

छाती तटतटून आली की

सिझरनंतर भरपूर दूध उतरायला तिसऱ्याऐवजी चौथा-पाचवा दिवस लागू शकतो. सलाईनमुळे पाय सुजतात तसा बोंडाभोवतीचा भागही सुजतो, बोंड सपाट होतं आणि कालपर्यंत धरणारं बाळ आज घसरतं. अशा वेळी पंप लावला तर पाणी आणखी पुढे ओढलं जातं. त्यापेक्षा पाठीवर झोपा, दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या बुडाशी गोलाकार टेकवा आणि छातीकडे सरळ, दुखणार नाही इतपत, साधारण मिनिटभर दाबून धरा. भाग मऊ पडला की लगेच बाळाला लावा. पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेला थंड पॅक दहा-पंधरा मिनिटं. गाठी फोडायच्या म्हणून जोरजोरात चोळू नये, त्याने सूज वाढते.

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर

हाताने काढायला पहिल्या तासात, निदान पहिल्या सहा तासांत सुरुवात करा. २४ तासांत ८ ते १० वेळा, त्यातली एक रात्री. दूध वाढायला लागल्यावर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा पंप घ्या, १५-२० मिनिटं, आणि शेवटी दोन मिनिटं हाताने. पंपाच्या फनेलमध्ये (स्तनावर बसणाऱ्या नसराळ्यात) बोंड घासलं जात असेल तर माप लहान आहे. प्रत्येक सिरिंजवर नाव, तारीख, वेळ लिहा. घरच्या निरोगी बाळासाठी काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतं. एनआयसीयूतल्या बाळासाठी तिथले नियम अधिक कडक असतात, तेच पाळा.

लगेच दाखवायचं कधी

आईला ३८ अंशांच्या वर ताप, टाक्यातून पू किंवा दुर्गंधी, जखम उघडणं, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, दम लागणं. बसल्यावर वाढणारं आणि आडवं झाल्यावर उतरणारं डोकं दुखणं मणक्यातल्या भुलेचं असू शकतं, त्यावर उपाय आहे. स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा आणि ताप असेल तर पाजणं थांबवू नका, त्याच दिवशी औषध सुरू करून घ्या. टाक्यांसाठी अँटिबायोटिक घेतल्यावर बोंडांना जळजळ आणि बाळाच्या तोंडात न पुसणारे पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते आणि उपचार दोघांनाही एकाच वेळी लागतात.